एल्फ्रीडेमावशीचा हौद

आमच्या ओकातेंगो गावात माणूस पाहुणा आला की त्याच्यापुढे भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध ठेवतात. ते नको म्हटलं तर चहा, भरपूर साखरेचा. पाणी कुणी विचारत नाही. पाणी हा गुरांचा पाहुणचार आहे, आणि तो कसा करावा याबद्दल माझ्या एल्फ्रीडेमावशीची मतं फार ठाम होती.

हौदात रात्रीपासून पडून राहिलेलं पाणी तिच्या लेखी शिळं. दिवसभर वाळू तुडवून, काट्यांतून चरून आलेल्या गाईपुढे शिळं पाणी ठेवायचं म्हणजे दारात आलेल्या माणसाला कालची लापशी वाढायची. म्हणून पूर्वेकडच्या टेकाडावर गुरांचा धुरळा दिसला रे दिसला की मावशी आपला घेरदार झगा दोन्ही हातांनी उचलून पंपाच्या खोपीकडे धावायची. झग्याच्या आत चार परकर, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि डोक्यावर आमच्या बायकांचं ते गाईच्या शिंगांसारखं दोन टोकांचं फडक्याचं शिरोभूषण. असा हा थाट धावत निघाला की लांबून एखादं तंबूचं कापड वाऱ्याने सुटल्यासारखं दिसायचं. ती बटण दाबायची, बोअरचं गार पाणी लोखंडी नळातून हौदात कोसळायला लागायचं आणि त्याच वेळी पहिली गाय हौदाशी पोचायची.

"बघ," ती म्हणायची, "तिच्या तोंडाशी आणि जमिनीच्या पोटाशी मध्ये काही अंतरच नको."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. शाळा तिला फारशी मानवली नाही. वसतिगृहातून ती एकदा पळून आली, कारण तिची आवडती गाय व्यायला झाली होती. गाय व्याली, पण मावशी काही परत गेली नाही. पुढे एवाल्डमावसोबांशी लग्न होऊन ती ओकातेंगोत आली, आणि मीही तिच्याकडेच वाढले. मावसोबा गावाच्या बोअरवरचं डिझेलचं इंजिन सांभाळायचे. त्यांचा बहुतेक वेळ त्या इंजिनाच्या उशाशी जायचा म्हणून मावशी इंजिनाला "माझी सवत" म्हणायची. मावसोबा वारले आणि सवतीला सांभाळायचं कामही तिच्याच अंगावर आलं. तिने ते असं केलं की खोकल्यावरून इंजिनाचं दुखणं ओळखायची. फिल्टर तुंबलाय, पट्टा सैल झालाय, की नुसतीच थंडी वाजतेय, हे तिला घरात चूल फुंकताफुंकता कळायचं.

मग गावात वीज आली. इंजिन काढून बोअरमध्ये विजेचा पंप सोडला. तो पंप बोलत नाही, खोकत नाही. मावशीला ते आवडलं नव्हतं. "जे कण्हत नाही ते दुखत असलं तर कळणार कसं?" असं ती मला राजधानीत, विंडहुकला फोन करून विचारायची. मी तिकडे वायरिंगचं शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागले होते, त्यामुळे विजेबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याच खात्यात जमा व्हायच्या.

सप्टेंबरात, आमच्याकडच्या ऐन कोरड्या दिवसांत, तिचा फोन आला तो मात्र विजेबद्दल नव्हता.

"ओटिली, शनिवारी सिमेंटला नेणार आहेत."

सिमेंट ही तिची गाय. रंग अगदी पिशवीतल्या सिमेंटसारखा, म्हणून हे नाव. मावशीच्या आईच्या गोठ्यातल्या गाईची ही नात. आमच्यात बापाकडून येणाऱ्या प्रत्येक कुळाला काही रंगांची गुरं वर्ज्य असतात, आणि मावसोबांच्या कुळाला नेमका राखी रंग चालत नाही. ते होते तोवर मावशीने सिमेंटला माहेरीच ठेवलं होतं. ते गेल्यावर वर्षभराने घेऊन आली. मावसोबांचे चुलतभाऊ आसेर, जे पाणी समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. मावशी म्हणाली होती, "भाऊजी, दूध मी पिणार आहे. तुम्ही डोळे मिटून जा."

आता त्यांना कारण मिळालं होतं. गावातली गुरं हौदावरचं पाणी पीत नव्हती.

"म्हणजे अजिबात नाही?" मी विचारलं.

"येतात, वास घेतात, तोंड लावतात आणि मान झटकून मागे सरतात. पहिल्यांदा सिमेंट सरली. तिचं बघून सगळी. संध्याकाळी उशिरा जातात आणि घोट घोट पितात, मन नसल्यासारखी. दूध आटलंय. आसेर म्हणतो, वर्ज्य रंगाने पाणी बाटवलं. समिती त्याच्या बाजूने आहे. लिलावाचा ट्रक सांगून झालाय."

"पाण्यात काही पडलंय का?"

"मी पिते ना तेच पाणी! हौद घासला, नळ धुतला, पाद्रीबाबांकडून प्रार्थना म्हणवून घेतली. सगळ्यांनी हात घालून बघितले. पाण्याला काही झालेलं नाही. हेच तर आसेरच्या पथ्यावर पडलं. म्हणतो, पाणी चांगलं आहे, हौद चांगला आहे, मग उरलं कोण?"

मी रजा टाकली, झोळीत मीटर आणि हत्यारं भरली आणि गुरुवारी दुपारी गावी उतरले.

गुरं यायची वेळ झालीच होती. मावशी धावत खोपीत गेली, पंप सुरू केला. सिमेंट कळपाच्या पुढे होती, मोठ्या डोळ्यांची, पोट आत गेलेली. हौदाशी आली, नाक पुढे केलं. ओलं नाक पाण्याला लागलं मात्र, तिच्या अंगावरून एक शहारा गेला आणि ती चार पावलं मागे उडाली. मग तिथेच उभी राहून पाण्याकडे बघत राहिली.

मी अशी उडी माणसांना मारताना पाहिली आहे. बहुतेक वेळा त्यांच्या हातात बिघडलेली इस्त्री असते.

मीटरचं एक टोक हौदाच्या कडेला लावलं, दुसरं गाय उभी होती तिथल्या ओल्या वाळूत खुपसलं. काटा वीस-बावीस व्होल्टवर जाऊन थांबला.

"मावशी, पंप बंद कर."

तिने केला. काटा शून्यावर आला.

"हौदात करंट आहे," मी म्हणाले.

"काहीतरीच! मी रोज हात घालते."

मी तिच्या पायांकडे बोट दाखवलं. रबरी बूट. हौद तपासायला आलेल्या सगळ्यांच्या पायात काय असणार? बूट, नाहीतर टायर कापून केलेल्या चपला. वाळू तापलेली, जिथे तिथे काटे. आमच्याकडे अनवाणी फिरतं कोण? गाव हौदात हात घालून गेलं ते रबरावर उभं राहून. गाय तेवढी चार ओल्या खुरांवर उभी राहते आणि ओलं नाक पुढे करते. आपल्याला जेमतेम मुंग्या आल्यासारखं वाटेल एवढा करंटही गाईला चांगला झोंबतो.

मग मी खोपीतला बोर्ड उघडला. त्यात एक पांढरा खोका होता, गळती झाली की वीज तोडणारा, ज्याला आम्ही ईएलसीबी म्हणतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या तारा परस्पर जोडून टाकल्या होत्या. खोका नुसता शोभेला होता. अर्थिंगची सळई खोपीमागच्या वाळूत ठोकलेली, आणि तिची तार हौदाकडे जाणाऱ्या लोखंडी नळाला आवळलेली. पावसाळ्यात हे एक वेळ चाललं असेल. पण आमची वाळू कोरडी झाली की तिच्यात सळई ठोकणं आणि धान्याच्या पोत्यात ठोकणं सारखंच. पंपाच्या केबलमधून कुठेतरी गळणारा करंट जमिनीत जायला बघत होता, जमीन त्याला आत घेत नव्हती, म्हणून तो नळावरून हौदात येऊन गाईच्या तोंडाची वाट बघत बसला होता.

"हा खोका कुणी बाद केला?" मी विचारलं.

मावशी परकर नीट करत बसली.

शुक्रवारी सकाळी बाभळीखाली समिती बसली. आसेरकाका खुर्चीवर, हातात काठी, डोक्यावर हॅट. मी मीटर दाखवला.

"ते यंत्र तुझं," आसेरकाका म्हणाले. "तू फिरवशील तसं ते बोलणार. तू कुणाची भाची आहेस ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

"मग यंत्र राहू दे, काका. गुरांनाच विचारू. आज पंप आधीच चालवून हौद भरून ठेवायचा आणि गुरं यायच्या आधी बंद करायचा. प्यायली तर?"

"शिळं पाणी?" मावशी दचकून म्हणाली.

"वहिनी, आता तुम्हीच अडवताय," आसेरकाका हसले. "बघू दे ना पोरीला."

हौद भरला, पंप बंद झाला. गुरं आली. सगळं गाव बाभळीच्या सावलीत उभं. सिमेंट पुढे झाली. नाक लावलं, थबकली, परत लावलं. कान मागे गेले. आणि मग ती प्यायला लागली. एक घोट, दुसरा, मग नुसता घशाचा आवाज. मागून बाकीच्या गाई घुसल्या, शिंगांना शिंगं लागली, खोंडं मध्ये शिरली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आसेरकाकांनी काठी उचलली. "उन्हाने तहानलेली होती. त्यात काय सिद्ध झालं? आता पंप चालू करा बघू."

मला ते करायचं नव्हतं. पण मी काही बोलायच्या आत खोपीशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने बटण दाबलंसुद्धा. हौदाभोवतीची सगळी तोंडं एकदम वर झाली. सिमेंट उलट फिरली ती दोन खोंडांना धडकून पळाली. क्षणात हौदाची कड रिकामी. धूळ आणि वाहणाऱ्या नळाचा आवाज, बस.

मी धावत जाऊन पंप बंद केला. बाहेर आले तर मावशी खाली वाळूत बसली होती, सगळ्या परकरांसकट.

"म्हणजे मी," ती म्हणाली. "रोज. ती येताना दिसली की मी धावत जाऊन..." 

मग ती उठली आणि समितीसमोर उभी राहिली. "तो खोकासुद्धा मीच बाद करवला. त्याचा खटका सारखा पडायचा. पडला की पाणी बंद, आणि गुरं हौदाशी उभी. एक सोलर बसवणारा रस्त्याने चालला होता, त्याला जेवायला घातलं आणि म्हटलं, एवढी कटकट काढून टाक. त्याने काढली. इंजिन खोकलं की मी त्याचं दुखणं बघायची. हा खोका पडून पडून तेच सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बांधलं. यात सिमेंटचा काय दोष?"

गर्दीत कुजबुज झाली. मावशीच्या वयाच्या एका बाईंनी विचारलं, "पण तो खोका करतो तरी काय?"

मी तोंड उघडलं. करंट, न्यूट्रल, मिलिअँपिअर असं काहीतरी सुरू करणार होते. मावशीने हातानेच मला थांबवलं. आदल्या रात्री जेवताना मी तिला हे सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही संध्याकाळी गुरं मोजता का?" तिने सगळ्यांना विचारलं.

"शी! गुरं कोण मोजतं?" चारी बाजूंनी आवाज आला. आमच्याकडे जित्राब मोजणं अशुभ.

"मोजत नाही. मग एखादी कमी आहे हे कसं कळतं?"

"बघून कळतं. सकाळी गेली ती, संध्याकाळी आली ती. फट पडलेली दिसते."

"खोका तेच करतो. एका तारेने वीज चरायला जाते, दुसरीने परत येते. किती आहे हे तो मोजत नाही. फट पडली का एवढंच बघतो. थोडी जरी वाटेत दुसरीकडे गेली, तर तो फाटक लावून घेतो. आपली वीज रोज हौदात शिरत होती आणि फाटक मी बांधून ठेवलं होतं."

मला विंडहुकला दोन सत्रं लागली होती हे कळायला.

आसेरकाकांनी हॅट काढून हातात फिरवली. "ठीक आहे. वीज असेल. पण रंगही आहेच ना, वहिनी. आणि ट्रक उद्या येतोय. उद्या पंप चालू असताना ती गाय प्यायली, तर राहू दे. नाही प्यायली तर जाऊ दे. यावर आता वाद नको."

समितीने माना डोलावल्या. मावशीनेही.

मी लगेच कामाला लागले. खोका पुन्हा जोडला, पंपाचं बटण दाबलं आणि खोक्याचा खटका पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. आता गावाला करंटचं पाणी नाही आणि बिनकरंटचंही नाही. लोक डबे घेऊन उभे राहायला लागले.

"काल निदान पाणी तरी येत होतं," कुणीतरी म्हणालं.

"काल तुझा बूट फाटका असता तर आज तुझ्या कबरीवर प्रार्थना असती," मावशीने त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वळून, "आता गं?"

खोपीपासून बोअरपर्यंतची केबल जमिनीतून गेली होती. गळती तिच्यातच होती, एवढं मीटरने सांगितलं. पण कुठे, हे तो सांगत नव्हता. सगळा चर उकरायचा तर रविवार उजाडला असता.

"यात कुठे जोड आहे का?" मी स्वतःशीच म्हटलं.

"आहे की," मावशी म्हणाली. "पंप बसवणाऱ्यांना केबल कमी पडली होती. तिथे बसून दुसरा तुकडा जोडला. मी चहा आणि तळलेले गोळे नेऊन दिले होते. एकाच्या हाताला तेल लागलं, ते त्याने चिकटपट्टीच्या रिळालाच पुसलं. मी म्हटलंसुद्धा, अरे फडकं देते."

"कुठे बसले होते?"

तिने हौदाच्या सांडपाण्याचा चिखल जिथे साचतो तिथे बोट दाखवलं.

मेन स्विच बंद करून बोर्डाची किल्ली मी गळ्यात अडकवली आणि आम्ही चिखल उकरला. ढोपरभर खाली तो जोड सापडला. चिकटपट्टी तेलाने सुटलेली, आत हिरवं पडलेलं तांबं, आणि त्यातून पाणी टपकत होतं. मी तो कापून टाकला, तारा नव्याने जोडल्या, वरून गरम केली की आवळणारी नळी घातली. शेगडी नव्हती, मावशीने चुलीतले निखारे फावड्यात आणले. मग जोड चिखलाबाहेर उंचावर घेतला.

अर्थिंगचं काम राहिलं होतं. सळई खोलवर ओल लागेपर्यंत ठोकायची होती, आणि हौदाभोवतीच्या जमिनीत तारांची जाळी पुरून ती हौदाला जोडायची होती, म्हणजे पुन्हा कधी गळती झालीच तर गाईचं तोंड आणि पाय विजेच्या एकाच पातळीवर राहतील आणि तिला झोंबणार नाही. त्यासाठी कुंपणाची तार हवी होती. ती गावात एकाच माणसाकडे भरपूर होती.

"भाऊजी," मावशी जाऊन आसेरकाकांच्या दारात उभी राहिली, "तुमच्या मागच्या अंगणात ती गुंडाळी पडलीये."

"ती मला नव्या कुंपणाला ठेवलीये."

"तुमच्या गाईसुद्धा त्याच हौदावर येतात. त्या काही राखी नाहीत. त्यांना झोंबलं तर कुणाच्या रंगावर घालाल?"

तार मिळाली. ती ओढायला आसेरकाका स्वतः आले. वाकून काम करताना तारेच्या प्रत्येक वेढ्याला सांगत होते की त्यांचा या सगळ्यावर विश्वास नाही.

शनिवारी ट्रक गुरांच्या आधी आला. ड्रायव्हर उतरला, चहा मागितला, फळी लावून तयार झाला. मी खोक्यावरचं तपासायचं बटण दाबून बघितलं. खटका पडला, म्हणजे खोका जागा आहे. वर केला, पंप सुरू केला. खटका वरच राहिला. हौदापासून वाळूपर्यंत मीटर लावला. शून्य.

गुरं आली. पंप चालू, पाणी कोसळतंय. सिमेंट पुढे झाली आणि हौदापासून दहा हातांवर थांबली.

ती हलेना. मागची गुरं तिच्या मागे अडकून राहिली.

"मीटर शून्य आहे!" मी म्हटलं, जणू काही गाईला वाचता येतं.

मला हे सुचलंच नव्हतं. तारेतली चूक मी काढली होती. गाईच्या डोक्यातली तशीच होती. तिला त्या पाण्याने इतके दिवस चावलं होतं, ती कशाला विश्वास ठेवेल?

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. आसेरकाकांनी ट्रकच्या फळीकडे बघितलं.

मावशीने एक बूट काढला, मग दुसरा. "ओटिली, खरंच शून्य?"

मी पुन्हा मोजलं. दोन ठिकाणी मोजलं. "खरंच शून्य."

ती अनवाणी चिखलात उतरली. परकर, झगा सगळं चिखलात. हौदाशी जाऊन तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, मग खाली वाकली आणि तोंड लावून, गाय पिते तशी, पाणी प्यायली. डोक्यावरच्या शिरोभूषणाचं एक शिंग पाण्यात बुडालं. तिने मान वर केली नाही. पीतच राहिली. माणसाला इतकी तहान लागत नाही.

सिमेंटने मान पुढे केली. एक पाऊल, मग थांबली. फुस्सकन नाकातून हवा सोडली. मग आणखी एक पाऊल. ती मावशीच्या अगदी शेजारी आली, तिच्या खांद्याचा वास घेतला, ओल्या झग्याचा घेतला आणि मग मावशीच्या गालाशेजारी आपलं नाक पाण्यात बुडवलं.

शहारा आला नाही. तिचा घसा हलला. पुन्हा हलला.

"पितेय," ड्रायव्हर म्हणाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग बाकीची गुरं सुटली. एकदम, धक्के देत, आणि मावशी हौद आणि पोटांच्या मध्ये सापडली. आतून तिचा आवाज येत होता, "अगं सर, सर ना मेल्ये, पाय आहे तो माझा!" आसेरकाकाच काठी घेऊन आत घुसले आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं. दोघंही कमरेपर्यंत चिखलात.

"रंग अजून राखीच आहे, वहिनी," ते धापा टाकत म्हणाले.

"असू दे. मी कधी म्हटलं हिरवा झाला?"

ड्रायव्हर फळीशी उभाच होता. "काका, ट्रक तुम्ही सांगितलाय. रिकामा नेऊ?"

आसेरकाकांनी कळपावरून नजर फिरवली. मग आपल्याच एका थोराड बैलाकडे काठी केली, जो गेले कित्येक महिने कुंपणं मोडत हिंडत होता.

"त्याला घे," ते म्हणाले. "पण आधी पाणी पिऊ दे."